मेअरिकूरची एक कबर

उत्तर फ्रान्समधल्या आमियां शहरापासून पूर्वेला तीसेक किलोमीटर गेलं की सांतेरचं सपाट पठार लागतं. जमीन खोल मातीची, सुपीक. गहू, बटाटा आणि साखरेचं बीट ही इथली पिकं. पहिल्या महायुद्धात या टापूतली गावंच्या गावं तोफांच्या माऱ्यात जमीनदोस्त झाली, त्यामुळे फाट्याफाट्यावर लष्करी दफनभूमीकडे नेणाऱ्या पाट्या दिसतात. बहुतेक प्रवासी वाटेतल्या व्हिलेर-ब्रेतोनोच्या मोठ्या ऑस्ट्रेलियन स्मारकापाशी थांबतात आणि तिथूनच परततात. पुढे असलेल्या मेअरिकूर या लहानशा गावात मुद्दाम ठरवूनच जावं लागतं. गावाच्या सार्वजनिक दफनभूमीत, ग्रामस्थांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या थडग्यांच्या सोबतीला दुसऱ्या महायुद्धातल्या राष्ट्रकुल वैमानिकांच्या कबरी आहेत. अधिकारी असो की साधा सार्जंट, शिळा एकाच मापाची, जेमतेम ८१ सेंटिमीटर उंच. त्यांतल्या एकीवर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक कोरलेलं आहे. ती कबर अँड्र्यू चार्ल्स मायनार्स्कीची. तो रॉयल कॅनेडियन एअर फोर्समधला, मृत्यू १३ जून १९४४, वय २७.

इथे येणारा माणूस मायनार्स्कीच्या शौर्याची गोष्ट ऐकूनच येतो. ती गोष्ट खरी आहे आणि तिचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. माझा आक्षेप इतकाच की ती अर्धीच सांगितली जाते. आगीत शिरलेला माणूस आपल्याला दिसतो, पण त्याला आगीत का शिरावं लागलं हे विचारायचं राहून जातं. आणि या एका मृत्यूच्या बाबतीत त्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर नोंदलेलं आहे.

मायनार्स्कीचा जन्म १९१६ साली विनिपेगमधल्या पोलिश स्थलांतरितांच्या घरात झाला. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले आणि घराला हातभार लावण्यासाठी त्याने चामडं व फर कापण्याच्या कामाला सुरुवात केली. १९४१ मध्ये तो हवाई दलात भरती झाला, गनर झाला, आणि १९४४ च्या वसंतात उत्तर इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्ज तळावरच्या ४१९ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. तिथल्या लँकेस्टर या बॉम्बर विमानात सात जण असत. विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांसह फिरणाऱ्या कोषात, मायनार्स्की बसे. शेपटीकडच्या टरेटमध्ये पॅट ब्रॉफी. ब्रॉफी अधिकारी आणि मायनार्स्की हुद्द्याने खालचा, पण दोघांची दाट मैत्री होती.

१२ जूनच्या रात्री त्यांचं विमान कांब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला निघालं. नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरून आठवडा झाला होता. जर्मन कुमक रेल्वेने तिकडे पोचू नये, हा हल्ल्याचा हेतू. लक्ष्याजवळ आल्यावर मागून आणि खालून जर्मन लढाऊ विमानाने गोळे झाडले. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि पाठीवरचा टरेट व शेपटी यांच्या मधल्या भागात आग भडकली. पायलट आर्ट डी ब्रेनने सगळ्यांना उड्या मारण्याचा हुकूम दिला. मायनार्स्की आपल्या जागेवरून उतरून मागच्या दाराशी आला. तिथून सुटका एका पावलावर होती. तेवढ्यात त्याला ब्रॉफी दिसला, अडकलेला. तो आगीतून रांगत शेपटीपर्यंत गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी टरेट हलवायला त्याने जीव पणाला लावला. कपडे कमरेपर्यंत पेटले होते. आता उपयोग नाही हे ओळखून ब्रॉफीने त्याला हाताने परत फिरण्याची खूण केली. मायनार्स्की ब्रॉफीकडे तोंड करूनच दाराशी परतला, जळत्या कपड्यांत ताठ उभा राहिला, सलाम केला आणि उडी घेतली. पॅराशूटही पेटलेलं होतं. खालच्या फ्रेंच लोकांना तो जिवंत सापडला, पण भाजल्यामुळे थोड्याच वेळात त्याने प्राण सोडले. इकडे विमान जमिनीवर कोसळताना एका झाडावर आपटून गरकन फिरलं आणि ब्रॉफी बाहेर फेकला जाऊन वाचला. सातांपैकी मेला तो एकटा मायनार्स्की.

आता पदकाचं अधिकृत मानपत्र नीट वाचू. ते ११ ऑक्टोबर १९४६ ला प्रसिद्ध झालं. टरेट का हलत नव्हता, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे: डावी इंजिनं बंद पडताच टरेट फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली, आणि हाताने फिरवण्याची सोय ब्रॉफीच्या धडपडीत मोडली. म्हणजे शेपटीतल्या माणसाची सुटका पंखावरच्या इंजिनावर अवलंबून होती, आणि ते गेल्यावर उरलेला एकमेव उपाय एका हँडलवर. विमानाच्या पुढच्या भागातही हाल वेगळे नव्हते. बॉम्ब टाकणाऱ्या जॅक फ्रायडेने नाकातली सुटकेची झडप उघडली, तीच आपटून तो बेशुद्ध पडला. फ्लाइट इंजिनिअरने त्याला पॅराशूट अडकवून बाहेर ढकललं म्हणून तो जगला. टरेटचा दोष तर गौरवासाठी लिहिलेल्या मजकुरातच नोंदलेला आहे, पण तो वाचताना सगळ्यांची नजर ज्वाळांवर खिळते.

हे एकाच विमानाचं फुटकं नशीब नव्हतं. पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला फ्रीमन डायसन १९४३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होता. त्याने नंतर लिहिलेली टक्केवारी अंगावर येते. पाडलेल्या अमेरिकन बॉम्बरमधून निम्मे लोक निसटत, ब्रिटिश हॅलिफॅक्समधून पंचवीस टक्के, आणि लँकेस्टरमधून अवघे पंधरा. लँकेस्टरची झडप २२ इंच रुंद होती, हॅलिफॅक्सची २४. अवजड कपडे आणि पॅराशूट घालून अंधारात, गरगरणाऱ्या विमानातून बाहेर पडताना ते दोन इंच किती मोलाचे होते हे सांगायला नको. झडप मोठी व्हावी म्हणून त्याच विभागातला एक सहकारी सतत भांडत राहिला, पण मान्यता मिळेपर्यंत युद्ध संपत आलं होतं. मायनार्स्कीच्या स्क्वाड्रनने १९४४ च्या वसंतातच हॅलिफॅक्स सोडून लँकेस्टर घेतलं होतं. डायसन आणि त्याच्या वरिष्ठांचं आणखी एक म्हणणं होतं: टरेट काढूनच टाका. वजन कमी होईल, विमान वेगाने आणि उंचावरून जाईल, आणि पडलंच तर दोन माणसं कमी मरतील. खालून तिरक्या तोफा डागणारं विमान गनरला बहुधा दिसतच नव्हतं. ही सूचना स्वीकारली गेली नाही.

यावर कोणी म्हणेल, हे पश्चात् शहाणपण आहे. अंशतः बरोबर आहे. लँकेस्टर जास्त बॉम्ब नेई, उंच उडे आणि हॅलिफॅक्सपेक्षा कमी पडे, हेही मोजायला हवं. गनर हे विमानाचे डोळे होते. त्यांनी वेळीच ओरडून सावध केल्यामुळे निसटलेले चमूही आहेत. पण झडपेचा प्रश्न त्याच काळात, त्याच कचेऱ्यांत मांडला गेला होता. आज आपण शोधून काढलेला तो दोष नव्हे. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण करणाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मेले, त्यांत जवळपास दहा हजार कॅनडाचे. इतक्या जीवितहानीत दोन इंचांसाठी दोन वर्षं घालवणं परवडण्यासारखं नव्हतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अशा चौकशीने वीराचं मोठेपण यंत्राच्या तपशिलात हरवेल, असं काहींना वाटतं. मला उलट दिसतं. मायनार्स्कीचा प्रयत्न फसला. ब्रॉफी वाचला तो झाडामुळे. शौर्य परिणामावर मोजायचं तर हाती शून्य उरतं. ते मोजायचं, तर त्याच्या समोर उघडं दार होतं आणि मित्र ज्या सापळ्यात होता तो त्याला उघडता येण्यासारखा नव्हता, या दोन गोष्टी एकत्र पाहून. सापळा किती पक्का होता हे कळल्याशिवाय त्याने काय केलं ते कळत नाही. आणि हेही ध्यानात घ्यावं की ब्रॉफी जगला, १९४५ मध्ये सोबत्यांना भेटला, म्हणून ही हकिकत उजेडात आली. इतर हजारो विमानांच्या शेपटीत काय घडलं, ते सांगायला कोणी उरलंच नाही.

तिसरा आक्षेप बॉम्बखाली मेलेल्यांच्या बाजूचा आहे, आणि तो टाळता येत नाही. फ्रान्समधल्या रेल्वे यार्डांवरचे बॉम्ब वस्त्यांवरही पडत. दोस्तांच्या बॉम्बफेकीत पन्नास हजारांहून अधिक फ्रेंच नागरिक मेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. चर्चिलला ही किंमत इतकी खुपत होती की त्याने मर्यादा घालायची भाषा केली, रूझवेल्टने मान्य केलं नाही. तरीही ब्रॉफीसारख्यांना लपवून ठेवणारे गावकरी फ्रेंचच होते. म्हणून मेअरिकूर मला लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या भव्य बॉम्बर कमांड स्मारकापेक्षा प्रामाणिक वाटतं. इथे मारायला आलेला आणि ज्यांच्या आभाळातून तो गेला ते, एकाच कुंपणात आहेत.

टरेट प्रत्यक्ष पाहायचा तर लंडनमधल्या हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात १३७ मोहिमा केलेलं लँकेस्टर उभं आहे. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हा नेव्हिगेटर त्यातून उडाला होता आणि जिवंत परतला. कॅनडात हॅमिल्टनचं लँकेस्टर मायनार्स्कीच्या नावाने आजही उडतं, आणि मिडलटन सेंट जॉर्जच्या जुन्या तळावर २००५ पासून त्याचा पुतळा आहे. मेअरिकूरला रोझिएर स्थानकावरून जाता येतं. तिथे जाण्याआधी कोणत्याही संग्रहालयात शेपटीच्या टरेटचं दार किती अरुंद आहे ते एकदा जवळून बघून घ्यावं.