दुधाच्या दाढा आणि आयुष्यभराची एक दाढ

(लेखांक ७)

मागच्या आठवड्यात दात येतानाच्या तक्रारी पाहिल्या. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, जुलाब त्यातून होतात, दातांमुळे नव्हे, इथवर आलो होतो. साधारण सहाव्या महिन्यात सुरू झालेले हे दात अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसचे वीस होतात. त्यानंतर बहुतेक घरांत त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कारण ठरलेलं: ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत ना?’

पडणार, पण कधी? पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेनं मुलाला आणखी सहा-सात वर्षं चावायचं असतं. शिवाय दुधाच्या दातांवरचं इनॅमल पक्क्या दातांच्या जेमतेम निम्मं जाड, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मग रात्रीचा ठणका, गालावर सूज, आणि शेवटी दाढ काढणं. ती वेळेआधी काढली, की शेजारची दाढ मोकळ्या जागेत सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. पुढे तारा लावायची पाळी येते ती अनेकदा इथूनच.

सगळ्यात वाईट सवय रात्रीच्या बाटलीची. साखर घातलेलं दूध तोंडात ठेवूनच मूल झोपी जातं. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही मंदावतं, आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेच्या आडोशाला असल्यामुळे बहुधा वाचतात. वरचे चार काळे आणि खालचे शाबूत, असं तोंड दिसलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न बाटलीबद्दलच असतो.

आज एवढं करा. खिडकीपाशी उजेडात बसा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या आणि वरचा ओठ बोटानं उचला. हिरडीला लागून दातावर खडूनं ओढल्यासारखी पांढुरकी रेघ दिसते का? ती किडीची सुरुवात. अजून खड्डा पडलेला नसतो. बाटली बंद केली, नीट ब्रश सुरू केला आणि डॉक्टरांकडून फ्लोराइड लावून घेतलं, तर कीड तिथेच थांबू शकते. रेघ तपकिरी होऊन दात खडबडीत लागायला लागला, तर मात्र दिवस घालवू नका.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करायचा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाट पेस्ट खपवण्यासाठी असते! चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी. मूल स्वतः घासतं याचं कौतुक जरूर करा, पण त्यानंतर एकदा तुमचा हात फिरलाच पाहिजे, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. आणि आजी मिश्री लावत असतील, तर ते बोट नातवंडाच्या हिरडीला लागू देऊ नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

खाण्याबद्दल थोडक्यात: जेवणाबरोबर खाल्लेला लाडू परवडला, दिवसभर हातात असलेला बिस्किटाचा पुडा नाही. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याचा हिशेब दातांना जास्त भोवतो.

आता वेगळ्या दाढेकडे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, नवी दाढ उगवते. काही पडलं नाही म्हणून पालकांना पत्ता लागत नाही. दिसली तरी दुधाचीच वाटते. ती पक्की असते. तिच्या माथ्यावरच्या अरुंद खाचांत अन्न अडकतं, ब्रशचे केस पोचत नाहीत, आणि दुसरी-तिसरीत जाईपर्यंत कीड लागलेली असते. दाढ पूर्ण वर आली की या खाचा सीलंटनं बुजवता येतात. सुई नाही, कोरणं नाही, काही मिनिटांचं काम. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. मूल पहिलीत असेल, तर ही दाढ याच वर्षी दाखवून घ्या.

पुढच्या लेखांकात अंगठा चोखण्याच्या सवयीबद्दल.