झिजलेली ठेवावी, कोरी विकावी

१० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात एक काळी पर्स मांडली गेली. कातड्यावर ओरखडे आणि डाग, झाकणावर जे. बी. ही आद्याक्षरं, साखळीला लटकवलेलं छोटं नेलकटर. कुणाची ते न सांगता ती एखाद्या सेकंडहँड दुकानात नेली असती, तर दुकानदाराने उलटीसुलटी करून ‘कोपरे गेलेत’ एवढंच म्हटलं असतं. इथे बोली दहा लाख युरोंपासून सुरू झाली, साधारण दहा मिनिटांत हातोडा सत्तर लाखांवर पडला आणि लिलावगृहाचं शुल्क धरून रक्कम ८६ लाख युरोंवर गेली. तेव्हाच्या दराने जवळपास ८६ कोटी रुपये. त्याआधीचा विक्रम २०२१ मध्ये हाँगकाँगला ख्रिस्तीजने विकलेल्या, हिरे जडवलेल्या मगरीच्या कातड्याच्या ‘हिमालया केली’चा होता, आणि तो सव्वापाच लाख डॉलरलाही पोचला नव्हता.

जिच्या नावाने ही पर्स जगभर ओळखली जाते, त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किनने ती स्वतःजवळ ठेवली नव्हती. १९८०च्या दशकात पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात एर्मेस कंपनीचे प्रमुख जाँ-लुई ड्यूमा तिच्या शेजारी बसले होते. लहान मुलीच्या आईचं सगळं सामान मावेल अशी देखणी पर्स कुठे मिळत नाही, अशी तिची तक्रार होती. ओकारीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर त्या दोघांनी तिथेच आराखडा काढला, असं सांगतात. तयार झालेली पहिली पर्स तिने १९९४ पर्यंत राबवली. हो, राबवली हाच शब्द बरोबर. त्या पर्सवर सामाजिक संस्थांचे स्टिकर चिकटलेले असत आणि आत सामान काठोकाठ कोंबलेलं असे. मग एड्सविरोधी कामाच्या निधीसाठी तिने ती लिलावाला देऊन टाकली. कंपनीने पुढे तिला आणखी चार दिल्या. त्यांपैकी एक तिने २०११ मध्ये जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी विकायला काढली आणि तिला दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. मूळ पर्स मात्र २००० पासून पॅरिसमधल्या एका जुन्या पर्सांच्या व्यापारी बाईंकडे होती. त्यांनी ती पंचवीस वर्षं सांभाळली.

अशी बातमी आली की मुंबई-पुण्यापासून दुबईपर्यंतच्या अनेक घरांत कपाटाचा वरचा कप्पा उघडला जातो. डस्टबॅगेत गुंडाळलेल्या आठ-दहा पर्स बाहेर येतात आणि प्रश्न पडतो : यातलं काय ठेवायचं, काय काढायचं? पण त्या लिलावातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तिथे विकला गेला तो एका माणसाचा इतिहास. नाव नसलेल्या पर्सचा हिशेब याच्या बरोबर उलटा चालतो. जी सर्वांत जास्त वापरली गेली, जिच्या मुठीला हाताचा तेलकट काळेपणा आला, तिला बाजारात सर्वांत कमी भाव. जी खोक्यातून कधी निघालीच नाही, जिच्या कडीवरचं प्लास्टिकही तसंच आहे, तिला सर्वांत जास्त. म्हणजे मालकिणीला जिची किंमत जास्त, तिची बाजाराला कमी. एवढं लक्षात घेतलं की निम्मा संग्रह आपोआप विभागला जातो. ज्या पर्स विकून पैसे येतील त्या विकताना जीव तुटणार नाही, आणि जिच्यासाठी जीव तुटेल ती विकून फारसं काही हाती लागणार नाही.

तरीही ‘ठेवली तर वाढेल’ हा विचार सुटत नाही. त्याला खतपाणी घातलं ते २०१६ मध्ये गाजलेल्या एका आकडेवारीने. गेल्या ३५ वर्षांत बर्किनचा भाव दरवर्षी सरासरी १४.२ टक्क्यांनी वाढला, सोनं आणि अमेरिकी शेअर बाजार दोन्ही मागे पडले, असा तिचा निष्कर्ष. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला आणि आजही तो सांगितला जातो. आकडेवारी तयार केली होती पर्सांचीच खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीने. शिवाय २०१६ मध्ये बर्किन या पर्सचं वयच जेमतेम ३२ वर्षांचं होतं. जन्माआधीचा परतावा मोजणारी गुंतवणूक विरळाच.

बर्किन आणि तिची थोरली बहीण केली यांचं प्रकरण वेगळं आहे, हेही खरं. केलीचा मूळ आकार १९३०च्या दशकातला. १९५६ मध्ये मोनॅकोची प्रिन्सेस झालेल्या ग्रेस केलीने गरोदरपण झाकायला ती पोटापुढे धरली आणि १९७७ मध्ये कंपनीने तिला केली हे नाव दिलं. या दोन पर्स दुकानात जाऊन पैसे टाकले की मिळतात, असं नाही. विक्रेता ज्या गिऱ्हाईकाला योग्य समजेल त्याच्यासमोर त्या ठेवतो. ‘आधी रुमाल, चपला, ताटं घ्या, मग पर्स’ असा दबाव येतो, या आरोपावरून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात खटलाही दाखल झाला, पण तो न्यायालयात टिकला नाही. या टंचाईमुळे दुकानातून घरी आणलेली पर्स दुसऱ्या दिवशी दुकानाच्या किमतीपेक्षा जास्त दराने विकता येई. येई, असंच म्हणायला हवं, कारण २०२२ नंतर हा वरचा भाव खाली येत गेला आहे. लहान आकार, काळा, सोनेरी-तपकिरी किंवा मळकट राखाडी रंग आणि टोगो किंवा एप्सम जातीचं कातडं असेल तर मागणी अजून टिकून आहे. चाळीस सेंटिमीटरच्या भल्यामोठ्या बर्किनला एकेकाळी प्रतिष्ठा होती. आता गिऱ्हाईक पंचवीसची विचारतं.

शनेलच्या मालकिणींचा गैरसमज जास्त महागात पडतो. १९५५ च्या फेब्रुवारीत कोको शनेलने खांद्याला अडकवायची साखळी लावून बाईचे दोन्ही हात मोकळे केले, म्हणून ती पर्स २.५५. १९८३ नंतर कार्ल लागरफेल्डने एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘सी’ची कडी लावली आणि आजची क्लासिक फ्लॅप तयार झाली. अमेरिकेत तिचा मधला आकार २०१९ मध्ये सुमारे ५,८०० डॉलरला होता, २०२४ मध्ये १०,८०० डॉलरला. पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट! कपाटातली पर्स मग दुप्पट झाली का? झाली नाही. वाढला तो दुकानातल्या नव्या पर्सचा भाव. वापरलेली विकायला गेलं की खरेदीदार त्याचा नफा, तपासणीचा खर्च आणि कोपऱ्यांची झीज वजा करून बोलतो. सोन्याच्या बांगड्या मोडायला गेल्यावर सोनार घडणावळ धरत नाही, तसंच हे. फरक एवढाच की बांगड्यांत निदान सोनं तरी उरतं. इथे जवळपास सगळी किंमत घडणावळीचीच आहे. २०१५ च्या आसपास घेतलेली क्लासिक फ्लॅप असेल तर बाई आजही फायद्यात राहील. २०२४ मध्ये घेतलेली असेल तर ती वापरावी, विकण्याचा विचारही करू नये.

काही पर्सांच्या बाबतीत वाट पाहण्यात अर्थ असतो, पण किती वर्षं, ते सांगता येत नाही. जॉन गलियानोने डिऑरसाठी १९९९ मध्ये घोड्याच्या खोगिराच्या आकाराची पर्स केली. काही वर्षं ती प्रत्येक सिनेतारकेच्या काखेत होती, मग इतकी उतरली की कुणी फुकट घेईना. २०१८ मध्ये डिऑरने ती पुन्हा बाजारात आणली आणि जुन्या खोगिरांचा शोध सुरू झाला. फेंडीच्या १९९७ च्या ‘बगेत’चंही असंच झालं. तिच्या उलट उदाहरण लुई व्हिताँचं. जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी याने २००३ मध्ये पांढऱ्या कापडावर रंगीबेरंगी अक्षरं छापली. ती मालिका २०१५ मध्ये बंद झाली आणि ज्यांच्याकडे होती ते खुशीत होते. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने तीच नक्षी नव्याने काढली. आता जुन्या, पिवळट पडलेल्या पर्सला दुकानातल्या कोऱ्या जुळ्या बहिणीशी स्पर्धा करावी लागते. नॉस्टॅल्जियाची लाट आली की आपल्याकडची पर्स लगेच विकावी, कारण कंपनीलाही त्या लाटेचा सुगावा लागलेला असतो.

ठेवायचं ठरवलं तरी पर्स कपाटात जशीच्या तशी राहत नाही, आणि कोकणपट्टीत तर मुळीच नाही. जुलैच्या मुंबईत बंद कप्प्यातल्या चामड्यावर पांढरी बुरशी यायला दोन आठवडे पुरतात. खास प्लास्टिकच्या पिशवीत ‘सुरक्षित’ ठेवलेल्या पर्सला ती आधी येते, कारण आतली ओल बाहेर पडत नाही. सुती पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या, आत साधा पांढरा कागद आणि अधूनमधून हवा, एवढं पुरतं. वर्तमानपत्र कोंबू नये, शाई अस्तरावर उतरते. बुरशीचा वास एकदा अस्तरात बसला की तो निघत नाही, आणि खरेदीदार पर्स हातात घेतल्यावर आधी ती नाकाला लावतो.

वास, मग कोपरे, मग मूठ, मग आतलं अस्तर, या क्रमाने पर्स तपासली जाते. प्रत्येक कातड्याची आपापली दुखणी असतात. शनेलचं मेंढीचं मऊ कातडं नखानेही ओरखडतं, तर ‘कॅव्हियार’ नावाचं दाणेदार वासराचं कातडं वर्षानुवर्षं धसमुसळेपणा सोसतं. लुई व्हिताँच्या न रंगवलेल्या कातडी पट्ट्या उन्हा-हाताने मधासारख्या तपकिरी होतात. तो रंग गिऱ्हाईकांना आवडतो, त्यावरचे पाण्याचे डाग आवडत नाहीत. त्यांच्याच १९९०च्या दशकातल्या काही पर्सांच्या आतल्या खिशांचं कृत्रिम अस्तर चिकट होऊन सुटू लागतं, पर्स एकदाही न वापरता. चकचकीत पेटंट लेदर शेजारच्या गडद पर्सचा रंग शोषून घेतं आणि तो डाग कुठलाही कारागीर काढत नाही. अशा पर्स ठेवून त्यांचं मोल वाढत नाही. आज जी किंमत येते, ती पुढच्या पावसाळ्यानंतर येईलच असं नाही. त्यामुळे विकायच्या यादीत त्या पहिल्या. सुंदर असूनही.

कागदपत्रांचं महत्त्व लोकांना विकायच्या दिवशी कळतं. फर्स्ट कॉपी आता इतकी चांगली बनते की नुसत्या नजरेवर कुणी विश्वास ठेवत नाही. शनेलच्या आतला क्रमांकाचा स्टिकर आणि लुई व्हिताँचा तारखेचा शिक्का यांची जागा २०२१ पासून सूक्ष्म चिपने घेतली. जुन्या पर्सला पावती, खोकं, डस्टबॅग, अस्सलपणाचं कार्ड यांचा आधार लागतो. भेट म्हणून मिळालेल्या, पावती नसलेल्या पर्स त्यामुळे अडतात. त्या घरात ठेवणंच बरं, किंवा मैत्रिणीला द्याव्यात.

मगर, अजगर, सरडा असेल तर पावतीही पुरत नाही. या प्राण्यांचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो आणि अशी पर्स विकण्यासाठी सीमेपलीकडे न्यायची तर परवाना हवा. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका बाईने फ्रान्समधून मगरीच्या कातड्याची पर्स मागवली. किंमत २६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. सत्तर डॉलरचा आयात परवाना काढायचा राहून गेला आणि पर्थमध्ये सरकारने ती जप्त करून नष्ट केली. मुंबईतली मगरीची पर्स दुबईत चढ्या भावाने विकू, असा बेत करणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं.

विकायचे रस्ते मुख्यतः दोन. दुकानदाराला रोख विकायची, म्हणजे पैसे आज, पण कमी. किंवा त्याच्याकडे ठेवायला द्यायची आणि विकली गेली की दलाली कापून पैसे घ्यायचे, म्हणजे जास्त, पण केव्हा ते सांगता येत नाही. अमेरिकेत द रिअलरिअल, फ्रान्समध्ये २००९ पासूनची व्हेस्टिएर कलेक्टिव्ह यांनी हा दुसरा धंदा मोठा केला. नीटनेटकेपणात जपानचा हात कुणी धरत नाही. तिथे वापरलेल्या पर्सला परीक्षेसारखा दर्जा दिला जातो आणि अस्तरावरचा पेनाचा ठिपकाही कागदावर लिहिलेला असतो. भारतात खासगी वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत. दागिने आणि चित्र-शिल्पं अपवाद. त्यामुळे घरची पर्स विकून नफा झालाच तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. कोऱ्या पर्स घेऊन विकण्याचा सपाटा लावला तर मात्र तो धंदा ठरतो. खरेदीच्या बाजूने २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या पर्सवर विक्रेत्याला एक टक्का कर गोळा करावा लागतो. त्या व्यवहाराची नोंद पॅनवर होते.

राहता राहिला ‘मुलीसाठी ठेवते’ हा युक्तिवाद. तो ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच त्याची तपासणी कुणी करत नाही. बेताने वापरलेली, दर दोन वर्षांनी कारागिराकडे जाऊन आलेली एर्मेस तीस वर्षांनी मुलीच्या हातात शोभेल. शिलाई अजूनही हाताने, दोन सुयांनी घातलेली असते आणि उसवली तर पुन्हा घालता येते. चिकटवलेल्या अस्तराच्या, गोंदाने जोडलेल्या काठांच्या पर्स तेवढ्या जगत नाहीत. शिवाय वारस जिवंत आहे, शेजारच्या खोलीत आहे, तर तिला सरळ विचारता येतं. आईने दोन दशकं जपलेली क्लासिक फ्लॅप पुढे केली, की पंचविशीतली मुलगी ती उघडते, बंद करते, आरशात पाहते आणि विचारते की यात चार्जर कुठे ठेवायचा.