घर सुटलेल्या मुलाची सही कोण करणार?

कल्याणहून येणारा रस्ता शीळफाट्याला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो. तिथून एक वाट मुंब्र्याकडे जाते, एक पनवेलकडे, एक महापेमार्गे नवी मुंबईत उतरते. ट्रक, टेम्पो, गोदामं, ढाबे, पंक्चरवाले. या गर्दीत घर सोडून आलेलं पंधरा-सोळा वर्षांचं मूल सहज खपून जातं. त्याला ‘छोटू’ म्हणून हाक मारली जाते, आडनाव कुणी विचारत नाही. कसारा आणि कर्जत अशा दोन्ही मार्गांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ज्या कल्याण जंक्शनवरून जातात, तेही इथून फार लांब नाही.

आडनाव विचारलं जातं ते हे मूल आजारी पडल्यावर, शाळेत जायचं म्हटल्यावर किंवा पगार बुडाल्यावर. मग पहिला प्रश्न येतो, ‘आईवडील कुठे आहेत? त्यांची सही आण.’ आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी त्या मुलाची गत होते. कायद्यात या कोंडीवर बराच विचार झालेला आहे. लोकांपर्यंत मात्र तो पोचताना त्याचा पार विपर्यास होतो.

गैरसमज : घर सोडलं की मूल स्वतःचं मुखत्यार.

वस्तुस्थिती : भारतात सज्ञान होण्याचं वय १८ आहे. १८७५च्या सज्ञानता कायद्यात तसं म्हटलं आहे. अमेरिकेच्या काही राज्यांत न्यायालय अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या ताब्यातून मुक्त ठरवू शकतं. आपल्याकडे तशी सोय नाही. सोळा वर्षांचा मुलगा स्वतः कमावत असला, एकटा राहत असला, तरी कायद्याच्या लेखी तो बालकच. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात सांगून ठेवलं आहे. त्यामुळे दिव्याच्या चाळीतल्या खोलीचा भाडेकरार त्याच्या सहीने होत नाही.

पण सगळीच दारं बंद नाहीत. दहा वर्षांवरील मुलाला बचत खातं स्वतः उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली आणि २०२५च्या नव्या परिपत्रकातही ती कायम ठेवली. ओळखीची कागदपत्रं लागतात आणि व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने तर आणखी मोठं पाऊल टाकलं. एचआयव्हीबाधित कुटुंबाचा गाडा ओढणारं, पुरेशी समज असलेलं १२ ते १८ वयाचं मूल आपल्या धाकट्या भावंडांचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खातं अशा गोष्टी पाहू शकतं.

गैरसमज : पळून आलेल्या मुलाला पोलीस कोठडीत टाकतात.

वस्तुस्थिती : घर सोडणं हा मुलाचा गुन्हा नाही. २०१५चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. बेघर, पळून आलेलं, रस्त्यावर राहणारं किंवा भीक मागणारं मूल त्याच्या व्याख्येत ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये तसा आदेश दिला आहे. ती नोंद अपहरणाच्या किंवा तस्करीच्या शक्यतेपोटी असते, मुलाला आरोपी करण्यासाठी नव्हे.

शीळ-डायघर असो की मानपाडा, प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर आलं पाहिजे. त्याला तिथे कोण आणू शकतं, याची यादी बाल न्याय कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. पोलीस, समाजसेवक, डॉक्टर, परिचारिका यांच्यासोबत त्या यादीत ‘बालक स्वतः’ हेही आहे. म्हणजे समितीचं दार ठोठावायला आईबापांची परवानगी लागत नाही.

गैरसमज : समिती सरळ घरी पाठवून देते, मुलाला कोण विचारतं?

वस्तुस्थिती : अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समजा, सोळा वर्षांची एक मुलगी सांगते, ‘सावत्र वडील मारतात, मला परत जायचं नाही.’ तिचं म्हणणं ऐकणं आणि वय व समज पाहून त्याला वजन देणं समितीवर बंधनकारक आहे. मुलाचा सहभाग हे या कायद्याचं एक मूलभूत तत्त्व आहे. समाजसेवक वा बाल संरक्षण अधिकारी तिच्या घरची चौकशी करतो. हा सामाजिक तपास १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवा आणि तिला प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश निघायला हवा. समिती तिला घरी पाठवू शकते, बालगृहात ठेवू शकते, योग्य व्यक्तीकडे किंवा प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवू शकते.

शेवटचा शब्द मात्र मुलीचा नसतो, समितीचा असतो. घर सुरक्षित वाटलं तर तिच्या नकारानंतरही समिती तिला परत पाठवू शकते. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. त्यासाठी वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्यानुसार प्रत्येक बालक मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

गैरसमज : पालकांची सही नसेल तर दवाखान्यात उपचार नाहीत.

वस्तुस्थिती : जीव धोक्यात असेल आणि संमती द्यायला कुणीच नसेल, तर डॉक्टरने सद्भावनेने केलेले उपचार गुन्हा ठरत नाहीत. भारतीय न्याय संहितेत तसं संरक्षण आहे. रस्त्यावर अपघात झालेल्या मुलासाठी सहीची वाट पाहायची नसते. एरवीच्या शस्त्रक्रियेला मात्र पालकाची लेखी संमती लागते. मूल समितीच्या ताब्यात असेल तर तिच्या आदेशाने ज्याच्याकडे त्याचा सांभाळ आहे, तो पुढे येतो. समितीसमोर जाण्याचा हा एक रोकडा फायदा.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर सरकारी काय, खासगी काय, कोणत्याही रुग्णालयाने प्रथमोपचार तातडीने आणि मोफत द्यायचे असतात. मुलीसोबत आईबाप किंवा विश्वासाचं माणूस नसेल तर रुग्णालयप्रमुखाने नेमलेल्या महिलेसमोर तपासणी होते. अठराखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती हवीच, पण गर्भपाताच्या कायद्यातली ‘पालक’ची व्याख्या जिच्याकडे सांभाळ आहे अशा व्यक्तीची आहे. फक्त जन्मदातेच चालतात, असं त्यात नाही.

गैरसमज : चौदा पूर्ण झाले की कुठलंही काम चालतं.

वस्तुस्थिती : चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. घरचा व्यवसाय आणि बालकलाकार एवढेच मर्यादित अपवाद. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया पूर्ण बंद. इतर ठिकाणी दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, तेही विश्रांती धरून. सलग तीन तासांनंतर किमान एक तास सुट्टी. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी. आता फाट्यावरच्या ढाब्यांची खरी वेळ आठवून पाहा. रात्री अकराला टेबल पुसणारं पोर ‘स्वतःच्या मर्जीने’ काम करतंय, हा मालकाचा बचाव टिकत नाही.

गैरसमज : दाखला नाही, म्हणजे शाळा नाही.

वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली आणि तिथली मुलं पुढे दहावीही पास झाली. चौदानंतर हा हक्क संपतो. तेव्हा मुक्त विद्यालय किंवा १७ नंबरचा फॉर्म हे मार्ग उरतात.

गैरसमज : गुणी पोर आहे, ठेवून घेऊ आपल्याकडे. कशाला पोलिसांची कटकट?

वस्तुस्थिती : हेतू कितीही चांगला असो, हरवलेलं, टाकून दिलेलं किंवा आधार नसलेलं अनाथ मूल तुमच्याकडे आलं तर २४ तासांत कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याचा फोटो आणि नाव समाजमाध्यमांवर फिरवणं, हाही वेगळा गुन्हा होतो.

गैरसमज : अठरा होईपर्यंत लपून काढले की सुटलो.

वस्तुस्थिती : मुलांमध्ये हा समज सर्वांत पक्का आहे, आणि नुकसानही यानेच सर्वांत जास्त होतं. अठरा पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला अनुरक्षणाची, म्हणजे निवारा, प्रशिक्षण आणि आर्थिक मदतीची तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत चालते. सतराव्या वर्षी समितीसमोर गेलेल्या मुलाला ही वाट उघडी राहते. अठरा पूर्ण होईस्तोवर रस्त्यावरच राहिलेल्याला ती मिळत नाही. तो सज्ञान होतो आणि तितकाच बेघर राहतो.

म्हणून फाट्यावर, फलाटावर असं मूल दिसलं तर त्याचं वय किंवा खरं-खोटं ठरवत बसू नका. वय ठरवायचं काम समितीचं. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आपण १०९८ फिरवायचा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवतं. फोनला पैसे पडत नाहीत. वकिलाच्या मदतीसाठी १५१०० आहे. आणि जमलं तर हे दोन्ही नंबर त्या मुलालाच पाठ करून द्या. ते फिरवायला त्याला कुणाचीच सही लागत नाही.