मिथ्या इशारे, संगणकीय खेळांच्या संहितांतील

संगणकीय खेळाची संहिता लिहीत असताना प्रत्यक्षात निर्दोष असलेल्या मजकुराखाली संहिता-संपादक (कोड एडिटर) दोषदर्शक रेघ काढून जी सूचना देतो, तिला मिथ्या इशारा म्हणतात. अशा इशाऱ्याचे मूळ बहुधा संहितेत नसून तिच्याविषयी विश्लेषकाला असलेल्या अपुऱ्या माहितीत असते.

पूर्वपीठिका : संहिता न चालविता केवळ तिच्या मजकुरावरून दोष शोधण्याच्या पद्धतीस स्थितिक विश्लेषण म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन सी. जॉन्सन यांनी सी या भाषेसाठी १९७० नंतरच्या दशकात तयार केलेली ‘लिंट’ ही आज्ञावली या प्रकारच्या आद्य साधनांपैकी होय. अनावश्यक इशारा टाळण्यासाठी संहितेतच विशिष्ट टिप्पणी लिहिण्याची सोय तीत होती. २०१६ मध्ये ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ हा संकेत जाहीर झाल्यावर एकच विश्लेषक अनेक संपादकांना जोडणे सुलभ झाले.

कारणे : आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व आज्ञावल्यांबाबत अचूक उत्तर देणारी यांत्रिक रीती असू शकत नाही, असे एच. जी. राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे विश्लेषकाला काही ठिकाणी अंदाजच करावा लागतो. खेळांच्या बाबतीत आणखी एक कारण असते. खेळ दोन थरांत रचलेला असतो : चित्रण, ध्वनी इ. कामे करणारे इंजिन आणि त्याच्या आधाराने चालणारी संहिता. अनेक नावे इंजिन आयत्या वेळी पुरविते, तर काही फलनांना ते स्वतःच बाहेरून आवाहन करते. विश्लेषकाला मात्र फक्त संहिता दिसते.

उदाहरणे : लुआ ही भाषा ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये निर्माण झाली. लुआ संहितेवर चालणाऱ्या ‘लव्ह’ या इंजिनात ‘लव्ह’ याच नावाचे सार्वत्रिक कोष्टक इंजिन पुरविते. पण संहितेत त्याची घोषणा नसल्यामुळे ते अज्ञात असल्याचा इशारा मिळू शकतो. युनिटी इंजिनासाठी सी-शार्प भाषेत लिहिलेले ‘अपडेट’ हे खाजगी फलन इंजिन प्रत्येक चित्रचौकटीस चालविते. परंतु संहितेत त्याला कोठेही आवाहन नसल्याने ते निरुपयोगी ठरविले जाण्याचा संभव असतो. हा इशारा खरा मानून फलन काढून टाकल्यास भाषांतरक कसलीही तक्रार करीत नाही; मात्र त्या फलनावर अवलंबून असलेली पात्राची हालचाल थांबते.

निवारण : सर्वोत्तम उपाय म्हणजे विश्लेषकाला हवी असलेली माहिती देणे. ‘लुआचेक’ या साधनाच्या मांडणी-फाइलीत इंजिनाने पुरविलेल्या नावांची यादी देता येते. केवळ वाचावयाची नावे व ज्यांचे मूल्य बदलता येते अशी नावे तेथे वेगवेगळी नोंदविता येतात. ‘लव्ह’ इंजिनाची नावे तर त्यात तयारच असतात. युनिटीसाठी मायक्रोसॉफ्टने तयार केलेले विश्लेषक इंजिनाचे संकेत जाणतात व त्यांमुळे उद्भवणारे मिथ्या इशारे दाबतात. अशी सोय नसेल, तर त्या एकाच ओळीपुरता, एकाच प्रकारचा इशारा टिप्पणीद्वारे बंद करावा व तसे करण्याचे कारण शेजारी नोंदवावे.

संपूर्ण प्रकल्पातील इशारे सरसकट बंद करणे घातक असते. लुआ भाषेत अघोषित सार्वत्रिक चल वाचल्यास त्रुटी न दाखविता ‘निल’ हे रिक्त मूल्य मिळते. गुणसंख्येच्या चलाच्या नावात एक अक्षर चुकले, तर ती चूक त्या मूल्याशी बेरीज करण्याची वेळ आल्यावरच, कदाचित खेळाच्या शेवटच्या टप्प्यात, उघडकीस येते. अज्ञात नावाचा इशारा हीच चूक लिहितानाच दाखवितो. मिथ्या इशाऱ्यांची गर्दी तशीच राहू दिली, तरी परिणाम फारसा वेगळा नसतो. कारण लेखकाला सर्वच रेघांकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते आणि खरा इशारा त्यांत हरवतो. म्हणून इशाऱ्यांची संख्या घटविणे हे निवारणाचे खरे उद्दिष्ट नसून उरलेला प्रत्येक इशारा विश्वासार्ह करणे हे होय.