घरचा कॉम्प्युटर घेताना डब्याच्या आत काय आहे ते बघा

मैत्रिणींनो, गटाचे हिशोब, मुलांचा अभ्यास, पापड-मसाल्याची लेबलं, ऑनलाइन अर्ज अशा कामांसाठी घरी कॉम्प्युटर हवा म्हणून आता गटातून कर्ज मागितलं जातं. २० हजारांचं कर्ज महिना १ टक्का व्याजाने घेतलं, तर पहिल्या महिन्याचं व्याजच २०० रुपये होतं. हप्ते दोन वर्षं चालणार. ते फिटायच्या आत मशीन बंद पडलं तर काय उपयोग? म्हणून स्वस्त किती यापेक्षा टिकेल किती, हे आधी बघायचं.

घरात एका जागी ठेवायचा असेल तर लॅपटॉपपेक्षा टेबलावरचा कॉम्प्युटर बरा. कीबोर्ड बिघडला तर फक्त कीबोर्ड बदलायचा, रॅम कमी पडली तर वाढवायची. लॅपटॉपला बॅटरी असते हा त्याचा फायदा आहेच, त्याबद्दल पुढे सांगते. पडद्यातच सगळं बसवलेले ‘ऑल इन वन’ दिसायला छान, पण दुरुस्ती अवघड. शक्यतो नकोच.

कमी पैशात बहुतेकींना ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर दाखवतात. तो घ्यायला हरकत नाही, पण खरी मेख इथेच आहे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. पिढी नंबरावरून कळते. आय-थ्री ८१०० म्हणजे आठवी, १०१०० म्हणजे दहावी. आय-सेव्हन ४७७० हा मात्र चौथ्याच पिढीचा. नाव मोठं, मशीन म्हातारं! दुकानदार ‘आय-सेव्हन आहे ताई’ एवढंच सांगतो, तेव्हा पुढचा आकडा विचारा. रायझेन असेल तर ३००० किंवा त्यावरचा बघा. आणि जुन्या मशीनवरही विंडोज ११ जुगाड करून टाकता येतं. त्यामुळे पडद्यावर ११ दिसलं म्हणून समाधान मानू नका.

दुसरी गोष्ट एसएसडी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून मशीन सुरू व्हायलाच चहा होईल इतका वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काही नसतं. ‘एक टीबी जागा आहे’ या बोलण्याला भुलू नका. आपल्या कामाला २५६ जीबीची एसएसडी पुरते आणि जास्त उपयोगी पडते. रॅम ८ जीबी घ्या. ४ जीबीवर चालतं म्हणतात, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की अडकायला लागतं.

हे सगळं दुकानातच तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलं की प्रोसेसरचं नाव, रॅम आणि डिस्क एसएसडी आहे का हे समोर दिसतं. मुलीला किंवा सीआरपी ताईंना सोबत न्या, पण बटणं स्वतः दाबून बघा.

फक्त टायपिंग, हिशोब आणि इंटरनेट असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट फुकट टाकता येतं. मात्र अंगठ्याचं मशीन किंवा प्रिंटर जोडायचा असेल तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी विचारून घ्या.

आता विजेचं. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि हिशोब भरता भरता गेली तर सेव्ह न केलेलं सगळं जातं. लॅपटॉपवाली इथे निवांत असते. म्हणून कॉम्प्युटरच्या बजेटमध्येच छोट्या युपीएसचे पैसे धरा. त्यावर काम चालवायचं नाही, सेव्ह करून नीट बंद करायचं. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तेही लक्षात ठेवा. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. तीन पिनांतली जाडी पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात घालणं अजिबात नको. डब्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर समजा अर्थिंग नाही. चुलीचा धूर आणि पिठाची धूळ यांपासूनही तो लांब ठेवा.

पैसे देताना पक्कं बिल घ्या. त्यावर मशीनचा सिरीयल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटी किती महिन्यांची हे लिहून घ्या. बिलाची एक झेरॉक्स गटाच्या फाइलला लावा.