पाच किलो तांदूळ, पाऊण तास गप्पा

पहाटे ५.३०
वसईची वाडी. आठवड्याचे सहा दिवस मावशीची भाजीची पाटी पहाटेच्या लोकलनं दादरला जाते. रविवारी नाही. आज रविवार. ती आळवाच्या पानांच्या आठ जुड्या बांधते आणि वेगळ्या ठेवते. त्या विकायच्या नाहीत.

सकाळी ७.००
चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी. मावशी मागच्या बाकावर. मिस्सा संपल्यावर ती दाराशी पेटी घेऊन उभी राहते. कोण किती टाकतंय, हे बघत नाही.

सकाळी ८.३०
चर्चचा हॉल. मावशी संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या इथल्या गटाची खजिनदार. तांदळाचं ५० किलोचं पोतं उसवलं. तिनं मूठभर दाणे तळहातावर घेऊन कणी किती ते पाहिलं. "माझ्या घरी शिजवीन, तोच तांदूळ घ्यायचा." काट्यावर पाच-पाच किलो. आठ पिशव्या. तांदूळ २४० रुपये, तूरडाळ १५०, तेल १५०, साखर ४५, चहापूड ९०. एका पिशवीला ६७५. वर आळवाची जुडी.

सकाळी १०.१५
नालासोपाऱ्याची चाळ. जायचं ते जोडीनं, हा सोसायटीचा रिवाज. सोबत निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. रिक्षाचे पैसे दोघांच्या खिशातून.
जिना चढताना पिशवी सरांकडून मावशीकडे येते. घर दहा बाय दहाचं. बाई इमिटेशनच्या कानातल्यांत खडे बसवतेय. ग्रोसला, म्हणजे १४४ नगांना, बारा रुपये. नवरा वारला. घर हिंदू आहे. हॉलमधल्या यादीत धर्माचा रकाना नाही.
मावशी खाली बसते आणि हातात चिमटा घेते. बोलत बोलत वीसेक खडे बसवते. पाऊण तास जातो. मावशी उठते तेव्हा बाई म्हणते, "मावशी, मला शिवण येतं. जुनं मशीन कुठं मिळेल का?"

सकाळी ११.४०
एकटे राहणारे आजोबा. सर गोळ्यांची पाकिटं तपासतात, रक्तदाबाच्या सहाच उरल्यात. मावशी बादलीत गरम पाणी घेते, त्यांचे पाय भिजवते, नखं कापते. नखं जाड, कातर दोनदा घसरते. "दुखलं का हो, आजोबा?" सर घासलेली भांडी पालथी घालतात.
परतताना मी तिला विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "मत्तयचा पंचविसावा अध्याय वाचा. भुकेल्याला जेवू घातलं ते येशूला घातलं. मग त्याच्याकडे पिशवी टाकून पळून कसं यायचं?"

दुपारी ४.००
बैठक. प्रार्थना, मग हिशेब. ही पद्धत पॅरिसची. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याला एका सहाध्याय्यानं टोमणा मारला होता, तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं? त्यानं मित्रांसह २३ एप्रिल १८३३ रोजी पहिली बैठक घेतली. त्या दिवशी त्याला वीस वर्षं पूर्ण झाली. गरिबांच्या घरी कसं जायचं, हे त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांनी शिकवलं.
आता गुप्त दानाची कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ आवळून आत घालतो. ज्याच्याकडे काही नाही, त्याचीही मूठ तशीच आत जाते. मोजले, १,३४० रुपये. मला या पिशवीत या माणसांची श्रद्धा सगळ्यात स्वच्छ दिसली. देणाऱ्याचीही लाज इथं राखली जाते.

संध्याकाळी ५.१५
शिलाई मशीनचा विषय. जुनं ४,५०० ला मिळतंय. शिल्लक ३,१००. कोणी म्हणालं, आधी पिशव्यांचं बघू. मावशी म्हणाली, "मशीन आलं की तिची पिशवी बंद करता येईल. तेच तर हवंय." पाच जणांनी उरलेले १,४०० वाटून घेतले. मशीन बघायला कोण जाणार? मावशीनं वहीत स्वतःचं आणि सरांचं नाव लिहिलं, आणि खाली आजोबांच्या गोळ्या.