दुधाच्या नोंदींची वही

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून पाच वह्या निघाल्या. पहिली 2014 ची, लेक झाली त्या वर्षीची. पानंच्या पानं नुसत्या वेळा : रात्री 1.40, 3.15, पाचला पुन्हा. शी किती, ताप किती. मध्येच एका पानावर एकच ओळ, ‘आज मला ती नकोशी वाटली.’ खाली लगेच लसीची तारीख.

बुलढाण्यात बसून ही ओळ लिहायची म्हणजे पापच. आमचा जिल्हा मातृतीर्थ. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला लोटणारी गर्दी लहानपणापासून बघते आहे. इथे आई म्हटलं की जिजाऊ. त्यांच्याशी स्वतःला ताडून बघा असं कुणी सांगत नाही, आपणच बघतो.

सासूबाईंनी कशात कमी केलं नाही. शेक, बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. कंबर सावरली. रडू मात्र थांबेना. एका डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, झोप घ्या. (वही दाखवायला हवी होती.) पुढे दुसरीकडे रक्त तपासलं, थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. लेक चालायला लागली तशी मीही पहाटे मलकापूर रस्त्याने घाटाच्या तोंडापर्यंत चालायला लागले. तब्येतीबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

2017 च्या वहीत भाजीच्या हिशोबाशेजारी ताराबाई शिंदे येतात. आपल्या गावची बाई म्हणून अभिमान होता, पण ‘स्त्रीपुरुषतुलना’ वाचलं नव्हतं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांना साऱ्या बायकांना झोडपायचं निमित्त मिळालं. ताराबाईंनी 1882 मध्ये पुस्तक छापून उलट जाब विचारला. बायको गेली की पुरुष दुसरी आणतो. मग नवरा गेलेल्या बाईनेच जन्मभर कोंडून का राहायचं? आणि तिला त्या वाटेला नेणारा गडी कुठे आहे?

रागाचं पुस्तक अशीच त्याची ख्याती. मला वाचताना रडू आलं. पोटचं पोर मारलेल्या बाईकडेसुद्धा कुणी माणूस म्हणून बघितलं होतं, आणि तेही याच गावातून. मी तर एक ओळच लिहिली होती.

तिथून वहीतल्या नोंदी लांबत गेल्या. लेक शाळेत, कुकर गॅसवर, तेवढ्या वेळात अर्धं पान. ‘काय लिहू राहिली वं एवढं?’ सासूबाई विचारायच्या. हिशोब, म्हणायचे. त्यांनी वही कधी उघडली नाही. त्या बाबतीत मी नशीबवान.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विसरलं गेलं, 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. टीकेने त्या गप्प झाल्या असं म्हणतात. असेलही. पण माझी 2020 ची वही बघते तेव्हा मला दुसरंच वाटतं. माझ्यावर कुणी टीका केली नव्हती. घरात सगळे चोवीस तास होते, ऑनलाइन शाळा होती, सासूबाईंचं आजारपण होतं. वर्षभरात किराणा सोडून एक वाक्य नाही. बाईच्या गप्प बसण्याला दरवेळी मोठं कारण लागतंच असं नाही.

लेक आता दहा वर्षांची. माळ्याखाली बसून तीही पानं उलटत होती. त्या ओळीपाशी थांबली.

‘‘ती म्हणजे कोण?’’

‘‘रात्र,’’ मी म्हणाले.

तिने ओळ पुन्हा वाचली, आणि खालच्या लसीच्या तारखेवर बोट ठेवलं.